निरसे दूध आणि गोठ्यातील लपविलेला आजार

(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या संमेलनात मी चार शब्द बोलावे अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा विषय कोणता घ्यावा यावर मंडळाचे आणि माझे थोडे बोलणे झाले. मंडळाच्या मनात शिक्षण किंवा विवाहातील खर्च असा एखादा विषय होता. ते विषय महत्त्वाचे आहेत यात शंका नाही. परंतु त्यांवर दरसाल कोणी ना कोणी अधिकारी वक्ता बोलतो आणि ते भाषण आपल्या स्मरणिकेत छापूनही येते. गोठ्याविषयी मात्र या व्यासपीठावरून कोणी बोलल्याचे मला आठवत नाही. वस्तुतः आपली निम्मी कुटुंबे शहरात नोकरी-व्यवसायास लागली असली, तरी गावाकडच्या घरी दावणीला दोन जनावरे नाहीत असे घर अजून विरळाच. सुटीत नातवंडे गावी जातात, आजी कौतुकाने पेला पुढे करते, आणि शहरातील सुनेस परत येताना दुधाची किटली बांधून दिली जाते. म्हणून हा विषय सर्वांचाच आहे.

आरंभीच सांगून टाकतो की, मी वैद्य नव्हे आणि पशुवैद्यही नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून आयुष्यभर प्राथमिक शाळेत मुलांस शिकविले. निवृत्तीनंतर वाचनास सवड मिळाली, काही जाणत्या पशुवैद्यांचा सहवासही लाभला. त्यातून जे पक्के समजले तेवढेच आपल्यापुढे ठेवणार आहे.

आपल्या भाषेने रोगांच्या नावांचा मोठा घोटाळा करून ठेविला आहे. 'घटसर्प' हा शब्द घ्या. लहान मुलाच्या घशात पडदा धरून त्याचा श्वास कोंडतो, त्या रोगास आपण घटसर्प म्हणतो. आणि पावसाळ्याच्या तोंडी म्हशीचा गळा सुजून ती घरघरू लागते, त्यासही घटसर्पच म्हणतो. दोहोंचे जंतू निराळे. म्हशीचा घटसर्प मुलास होत नाही, पण नाव एक असल्यामुळे आया उगाच घाबरतात. याच्या उलट एक रोग असा आहे की, तो जनावरात आणि माणसात एकाच जंतूने होतो; परंतु जनावरात त्यास आपण 'गाय गाभडली' एवढेच म्हणतो आणि माणसात तर त्यास नावच नाही. कसलासा ताप आहे, जात नाही, एवढेच म्हणतो. पशुवैद्य त्यास सांसर्गिक गर्भपात म्हणतात आणि डॉक्टर ब्रुसेलोसिस म्हणतात. गाय आणि घरधनी एकाच रोगाने आजारी आहेत हे दोन निराळ्या नावांमुळे कोणाच्या ध्यानातच येत नाही.

या रोगाचा छडा कसा लागला ती हकीकत मोठी बोधप्रद आहे, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

भूमध्य समुद्रात माल्टा नावाचे एक लहानसे बेट आहे. एकोणिसाव्या शतकात तेथे इंग्रजांचे मोठे लष्करी ठाणे होते. तेथील सैनिकांस आणि खलाशांस एक विलक्षण ताप येई. काही दिवस चढे, मग उतरे, माणूस बरा झालासे वाटे, तोच पुन्हा चढे. रात्री घामाने अंथरूण भिजे, सांधे आणि कंबर धरे. यात माणसे फार मरत नसत, परंतु महिनेच्या महिने खाटेला खिळून राहत. १८८७ साली डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टराने, या तापाने मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून काढलेला जंतू जगापुढे मांडला. सूक्ष्मदर्शकाखालील कामात त्याची पत्नी मेरी हिची त्यास मोठी मदत होती, हेही भगिनींनी ध्यानात ठेवावे. पुढे याच ब्रूसच्या नावावरून जंतूस ब्रुसेला हे नाव पडले.

जंतू सापडला, पण तो माणसाच्या पोटात येतो कोठून, हे पुढे जवळजवळ अठरा वर्षे कळेना. १९०४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या देखरेखीखाली एक आयोग माल्टास गेला. त्याने पाणी तपासले, गटारे तपासली, धूळ तपासली, डासांवर संशय घेतला. आयोगात थेमिस्टोक्लीझ झामिट नावाचा माल्टाचाच एक डॉक्टर होता. १९०५ साली त्याने प्रयोगासाठी आणलेल्या धडधाकट शेळ्यांचे रक्त तपासले, तो काय आश्चर्य! शेळ्यांस जंतू टोचण्याच्या आधीच बहुतेकींच्या रक्तात या रोगाची खूण होती. त्यानंतर शेळ्यांच्या दुधातही तो जंतू सापडला. पुढील तपासणीत असे दिसले की, बेटावरील निम्म्याच्या जवळपास शेळ्यांस हा संसर्ग झालेला आहे आणि सुमारे दहांत एक शेळी आपल्या दुधातून तो जंतू बाहेर टाकीत आहे. यांपैकी कोणतीही शेळी आजारी दिसत नव्हती. चारा खात होती, धार देत होती.

माल्टात त्या काळी गवळी शेळ्यांचा कळप घेऊन गल्लोगल्ली फिरत, आणि गिऱ्हाईकाच्या उंबऱ्याशी, प्रसंगी जिना चढवून वरच्या मजल्यावरही, शेळी नेऊन समोर धार काढून देत. डोळ्यांदेखत काढलेले दूध, पाण्याची भेसळ नाही, म्हणून लोकांचा त्यावर विश्वास. दुसऱ्याच आजारासाठी लष्करी रुग्णालयात दाखल झालेल्या सैनिकास शक्ती यावी म्हणून हेच दूध देत, आणि तो मूळ आजारातून उठून या तापाने पडे. १९०६ साली लष्कराने शेळीचे दूध बंद केले. वर्षाला शेकडोंनी पडणारे सैनिक दोन वर्षांच्या आत बोटांवर मोजण्याइतके झाले. एवढी साधी गोष्ट!

परंतु लष्करास हुकूम चालतो, बेटावरील रयतेस चालत नाही. शेळी हे तेथील गरिबाचे चालतेबोलते दुकान होते. टवटवीत दिसणाऱ्या शेळीच्या दुधात विष आहे, हे त्यास पटावे कसे? दूध तापविल्याने त्याची चव जाते, असेही लोक म्हणत. परिणामी सैनिक बरे झाले तरी बेटावरचे लोक पुढे कित्येक दशके आजारी पडतच राहिले. पाश्चरीकृत दुधाचे केंद्र माल्टात निघाले ते १९३८ साली. झामिट १९३५ सालीच निवर्तला होता. कारण ठाऊक झाल्यापासून उपाय घरोघर पोहोचण्यास तेहतीस वर्षे लागावी, याचे नवल वाटते. पण आपल्याकडचे पाहिले म्हणजे तितके वाटत नाही.

गाईकडे येऊ. १८९७ साली डेन्मार्कमधील बांग या पशुवैद्याने गाई गाभडण्यास कारण होणारा जंतू शोधिला होता. गाईचा तो जंतू आणि माल्टाच्या शेळीचा जंतू हे एकाच कुळातील आहेत, अशी शंकाही बरीच वर्षे कोणास आली नाही. अमेरिकेच्या शेतकी खात्यात ॲलिस इव्हान्स नावाची एक तरुण जंतुशास्त्रज्ञ होती. तिने १९१८ साली हे दोन्ही जंतू अगदी जवळचे असल्याचे प्रसिद्ध केले, आणि गाईचे निरसे दूधही माणसास धोक्याचे असले पाहिजे असे सुचविले. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी तिचे म्हणणे उडवून लावले. ती स्त्री होती आणि तिच्यापाशी डॉक्टरेटची पदवी नव्हती, ही त्यातली खरी मेख. १९२२ साली तिला स्वतःलाच प्रयोगशाळेत या जंतूची बाधा झाली आणि पुढे वीसेक वर्षे तो ताप तिच्या पाठीस लागला होता. अखेरीस तिचे म्हणणे सर्वांस मान्य करावे लागले, आणि १९२८ साली अमेरिकन जंतुशास्त्रज्ञांच्या संस्थेने तिला अध्यक्ष निवडले. त्या पदावर बसलेली ती पहिली स्त्री.

आता आपल्या घरी या. आपल्याकडे दूध तापविण्याची रीत आहे, साय धरण्याच्या निमित्ताने का होईना, आणि त्या एका रीतीने आपणांस किती रोगांपासून वाचविले याची गणती नाही. परंतु त्याच वेळी आपण धारोष्ण दुधाचे गोडवे गातो. जुन्या वैद्यकग्रंथांत त्याची स्तुती आहे. ग्रंथकर्त्यांच्या काळी सूक्ष्मदर्शक नव्हता, तेव्हा त्यांस दोष देण्याचे कारण नाही. पण आज आपल्यापाशी तो आहे. तालमीतील पोरे निरसे दूध पितात. कोल्हापूरला गंगावेशीत म्हशी उभ्या करून गिऱ्हाइकासमोर धार काढून देण्याची प्रथा प्रसिद्धच आहे, आणि बाहेरगावचे लोक ती हौसेने पाहावयास जातात. तेथील म्हशी आजारी आहेत असे माझे म्हणणे मुळीच नाही. माझे म्हणणे इतकेच की, म्हैस नुसती पाहून ती निरोगी आहे की नाही हे सांगता येत नाही, आणि समोर काढलेले दूध भेसळीपासून मुक्त असले तरी जंतूपासून मुक्त असतेच असे नाही. माल्टातही सर्व समोरच काढीत होते.

दूध हा एक मार्ग झाला. दुसरा मार्ग याहून अधिक जवळचा आहे, आणि तो आपल्या घरातील कर्त्या पुरुषांच्या व स्त्रियांच्या हातांतून जातो. रोगी गाय बहुधा पाचव्या महिन्यानंतर गाभडते. त्या वेळी पडलेला गर्भ, वार आणि अंगावरून जाणारे पाणी यांत या जंतूंचा नुसता सडा असतो. वार अडकली म्हणजे आपण उघडा हात घालून ती ओढतो. हाताला भेगा असतात, कोठे विळ्याचे कापलेले असते. मग घरची स्त्री ती जागा सावडते. गर्भ उकिरड्यावर टाकतात आणि तो रातोरात कुत्री गावभर फिरवितात.

आमच्या नात्यातील एका घरची हकीकत सांगतो. त्यांच्या संमतीने सांगत आहे. नाव-गाव सांगणार नाही. त्यांची संकरित गाय सातव्या महिन्यात गाभडली. थोरल्या मुलाने वार ओढली, सुनेने गोठा धुतला. महिन्याभराने मुलास ताप येऊ लागला. संध्याकाळी चढे, पहाटे घाम फुटून उतरे, कंबर अशी धरली की खाली बसवेना. विषमज्वर म्हणून औषध झाले, हिवताप म्हणून झाले, पुढे मणक्याच्या क्षयाचाही संशय घेण्यात आला. यात चार महिने गेले आणि वर्षाची पुंजी गेली. मुलगा वाळत चालला म्हणून आई त्यास रोज सकाळी पेलाभर निरसे दूध देई. आणि ते त्याच गाईचे, कारण गाभडल्यानंतरही ती थोडीबहुत धार देत होती. माल्टाच्या रुग्णालयात हेच घडत होते, हे मघाशी सांगितलेच.

तशातच सून गरोदर होती, तिचा चौथ्या महिन्यात गर्भपात झाला. गोठ्यात गाय गाभडली, घरात सून. मग व्हायचे तेच झाले. वाड्यातील बायांनी दोन्हींचा मेळ घातला आणि तो तिच्या पायगुणावर आणून ठेविला. ती मुलगी दोन महिने माहेरी होती.

अखेर एका डॉक्टराने मुलास तपासताना विचारले, "घरी गुरे आहेत काय? त्यांतील एखादी अलीकडे गाभडली काय?" इतक्या महिन्यांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, आणि घरच्यांनीही आपण होऊन सांगितले नव्हते. रक्त तपासले, तो ब्रुसेलोसिस निघाला. दोन औषधे मिळून सहा आठवडे घ्यावी लागली. मधेच बरे वाटले तरी सोडावयाची नाहीत, अशी सक्त ताकीद होती. मुलगा बरा झाला. मागाहून सुनेचे रक्त तपासले, तिलाही तीच बाधा होती. गरोदर स्त्रीस या रोगाने गर्भपात होऊ शकतो, ही वैद्यकात ठाऊक असलेली गोष्ट आहे. तेव्हा वाड्यातील बायांनी घातलेला मेळ एका अर्थी खराच होता. मात्र पायगुण गाईचाही नव्हता आणि सुनेचाही नव्हता, जंतूचा होता. त्या मुलीची क्षमा मागावयास सासरचे दोघे वडील माणसे तिच्या माहेरी गेली, हे सांगावयास मला आनंद वाटतो. सगळीकडे असे होत नाही.

गाईचे काय झाले, असे आपण विचाराल. ती मधल्या काळात आठवड्याच्या बाजारात विकली गेली होती. गाभडल्याचे अर्थातच सांगितले नव्हते. घेणाराही आपल्यासारखाच संसारी मनुष्य असणार, त्याच्याही घरी सुना-नातवंडे असणार. ती गाय पुढल्या वेतास सुखरूप व्याली असे कानावर आले. येथेच लोक फसतात. ही गाय बहुधा एकदाच गाभडते, पुढची वेते ठीक होतात, आणि धनी म्हणतो, गेली ती पीडा. परंतु जंतू तिच्या कासेत बसलेला असतो आणि दुधावाटे व व्यायच्या वेळी बाहेर पडतच राहतो.

विकणाऱ्यास लबाड म्हणणे सोपे आहे. मला तसे म्हणवत नाही. कर्ज काढून घेतलेली गाय असते, हप्ते चालू असतात, खरे सांगावे तर गाईस कोणी हात लावीत नाही आणि नुकसान सोसणारा दुसरा कोणी नसतो. शिवाय घरात आजार आहे हे बाहेर फुटले तर मुला-मुलींच्या सोयरिकीत अडथळा येईल, हीही एक भीती असते, आणि आपल्या ज्ञातीत ती जरा जास्तच आहे. हा रोग पुरुषाच्या वृषणांवर सूज आणतो, त्यामुळे तर तरुण मुले तोंडच उघडीत नाहीत. वास्तविक हा औषधाने बरा होणारा रोग आहे आणि माणसापासून माणसास तो क्वचितच लागतो. यात लाजण्यासारखे ते काय? मंडळास माझी विनंती आहे की, आपल्या वधू-वर सूचक समितीने ज्या चौकशा चालविल्या आहेत, त्यांत असल्या बऱ्या झालेल्या तापांच्या कुजबुजीस थारा देऊ नये.

करावयाचे काय, ते थोडक्यात सांगतो. गाय-म्हैस गाभडली तर पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे आणि रक्त तपासून घ्यावे. वार काढणे पशुवैद्यावर सोपवावे. गर्भास किंवा वारेस हात लावणे भागच पडले तर लांब हातमोजे असावेत, आणि गरोदर स्त्रीने तेथे फिरकूही नये. गर्भ आणि वार खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावी. तसे जनावर इतरांपासून वेगळे बांधावे. गाभडलेले जनावर तपासल्यावाचून बाजारात नेऊ नये. बाधलेल्या गाई मारून टाकून काही देशांनी हा रोग हटविला. तो मार्ग आपला नाही, त्यावर येथे वाद नको. आपल्याकडे उरतो तो लसीचा मार्ग.

या लसीची कथाही गमतीची आहे. १९२३ साली अमेरिकेत बक नावाच्या शास्त्रज्ञाने एका जर्सी गाईच्या दुधातून हा जंतू काढून वाढविला आणि ती कुपी प्रयोगशाळेत तशीच वर्षभर पडून राहिली. पुढे पाहतो तो जंतू जिवंत, पण त्याचा जोर ओसरलेला. त्याच वाणापासून आजही कालवडींना टोचण्याची लस तयार होते. ती चार ते आठ महिने वयाच्या कालवडीस आणि पारडीस, आयुष्यात एकदाच टोचावयाची असते. गोऱ्ह्यास टोचीत नाहीत, गाभण गाईस टोचीत नाहीत. म्हणून वेळ साधणे महत्त्वाचे. आठ महिने उलटले की संधी गेली. केंद्र सरकारने सप्टेंबर २०१९ मध्ये लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस या दोन रोगांविरुद्ध देशव्यापी कार्यक्रम सुरू केला, त्यात ही लस आहे. लस जिवंत जंतूची असल्यामुळे टोचणाऱ्यानेही हातमोजे व चष्मा घालावा लागतो. तेव्हा कालवड धरून उभे राहताना पोराबाळांस दूर ठेवावे.

गोठ्यातून घरात येणारे रोग आणखीही आहेत. वेळ थोडा म्हणून दोनच सांगतो. धडधाकट जनावर एकाएकी मरून पडले आणि त्याच्या नाका-तोंडातून न गोठणारे काळपट रक्त आले, तर ती फाशी समजावी. त्याचे कातडे सोडवू नये, त्यास फाडूही नये. माणसास त्यापासूनच काळपुळी होते. आणि पिसाळलेल्या कुत्र्याने गाय चावली असेल, तर तिच्या घशात काय अडकले ते पाहण्यास तोंडात हात घालू नये. पिसाळलेले जनावर लाळ गाळते, ते पाहून लोक तोच समज करून घेतात. लाळ हातास लागलीच तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावे आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. त्या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली म्हणजे उपाय नाही.



(व्याख्यानानंतर सभेत दोन प्रश्न विचारण्यात आले. एका भगिनीने विचारले की, दही, ताक, लोणी आणि खरवस यांचे काय? वक्त्यांनी सांगितले की, तापविलेल्या दुधाला विरजण लावले असेल तर दही, ताक, लोणी यांस बाध नाही. निरशा दुधाचे असेल तर ते निरशा दुधाइतकेच धोक्याचे. खरवस नीट वाफवून घ्यावा, नुसता चीक कोणास चाटवू नये. एका तरुण बंधूंनी विचारले की, पिशवीतील दूधही तापवावे काय? पाश्चरीकरणात हा जंतू मरतो, परंतु पिशवी घरी येईपर्यंत कोठे कोठे पडून राहिली हे आपणांस ठाऊक नसते, सबब एक उकळी काढावी, असे उत्तर देण्यात आले.)